ट्रेमेतले दोन दिवस

न्यू ऑर्लिन्सला गेलेला पर्यटक बहुधा फ्रेंच क्वार्टरमध्ये उतरतो, रात्री उशिरापर्यंत तिथेच फिरतो आणि शहर पाहून झालं असं समजून परततो. रॅम्पार्ट स्ट्रीट ओलांडून पलीकडे तो जातच नाही. पलीकडे ट्रेमे आहे. गुलामगिरी कायदेशीर होती त्या काळातही इथे मुक्त कृष्णवर्णीयांची स्वतःच्या मालकीची घरं होती. अमेरिकेतल्या सर्वांत जुन्या कृष्णवर्णीय वस्त्यांपैकी ही एक. हाताशी शनिवार-रविवार असेल तर तो इथेच घालवावा आणि जमल्यास शुक्रवारी दुपारीच पोचावं, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे.

शुक्रवार अशासाठी, की सुरुवात ऑर्लिन्स अ‍ॅव्हेन्यूवरच्या 'डूकी चेस'पासून व्हावी. १९४१ मध्ये एमिली आणि डूकी चेस या दांपत्याने सुरू केलं तेव्हा हे सँडविच आणि लॉटरीची तिकिटं विकणारं छोटंसं दुकान होतं. १९४६ मध्ये लिआ चेस या घरात सून म्हणून आल्या. फ्रेंच क्वार्टरमधल्या गोऱ्यांच्या हॉटेलात त्यांनी वाढपाचं काम केलं होतं. तिथला थाट त्यांनी पाहिला होता आणि आपल्या माणसांनाही तसं ऐसपैस बसून जेवता यावं, हा त्यांनी ध्यास घेतला. बँकांचे दरवाजे कृष्णवर्णीयांसाठी जवळपास बंदच होते. त्यामुळे शुक्रवारी पगाराचा चेक घेऊन कामगार इथे येत, गल्ल्यावर तो वटवत आणि मग जेवायला बसत. पुढे नागरी हक्कांचा लढा पेटला तेव्हा माडीवरच्या खोलीत गोरे-काळे कार्यकर्ते एकत्र बसून आखणी करू लागले. असं एका टेबलाशी बसणंच कायद्याने गुन्हा होता. सगळ्या शहराला ठाऊक असूनही या खोलीवर कधी धाड पडली नाही, कारण चेस यांच्या हॉटेलाला हात लावला तर वस्ती रस्त्यावर उतरेल हे पोलिसांना कळत होतं.

आत गेल्यावर भिंतींकडे बघा. कृष्णवर्णीय चित्रकारांना संग्रहालयं उभी करत नव्हती त्या काळापासून लिआबाई त्यांची चित्रं लावत आल्या. २००५ च्या कतरिना वादळात हॉटेलात पाणी शिरलं, दोन वर्षं ते बंद राहिलं; चित्रं मात्र वाचली. नव्वदी उलटल्यावरही त्या स्वयंपाकघरात येत. २०१९ मध्ये, ९६ व्या वर्षी त्या गेल्या. हॉटेल आजही कुटुंबाकडेच आहे.

मागवायचा तो गंबो. मंद आचेवर तेलात पीठ परततात, हात न थांबवता, ते गडद तपकिरी होईपर्यंत. क्षणभर दुर्लक्ष झालं तर करपतं आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. त्यात कांदा, सेलरी, ढोबळी मिरची, मग कोळंबी, खेकडे, सॉसेज. दाटपणा येतो तो पश्चिम आफ्रिकेतून आलेल्या भेंडीने किंवा चोक्टॉ आदिवासींनी शिकवलेल्या सॅसॅफ्रासच्या पानांच्या पुडीने. सोबत भात. ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी इथे हिरव्या पालेभाज्यांचा गंबो असतो. मिळतील तितक्या पालेभाज्या घालायच्या, पण संख्या विषम हवी. लिआबाई नऊ घालत. ऋषिपंचमीची भाजी ज्या घरात होते तिथल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

शनिवारी सकाळी काँगो स्क्वेअर. आता तो लुई आर्मस्ट्राँग पार्कचा एक भाग आहे. फ्रेंच अमलात रविवारी गुलामांना कामातून सुट्टी असे. १८१७ च्या वटहुकमाने त्यांच्या जमण्याला एकच जागा ठरवून दिली, ती पुढे हीच झाली. इथे ढोल वाजले, नाच झाले. जॅझचं मूळ शोधणारे इथवर येऊन पोचतात. पण हा बाजारही होता, हे सांगायला वाटाडे विसरतात. बायका इथे खाण्याचे पदार्थ विकत, आणि अशा पैपैच्या कमाईतून कित्येकांनी स्वतःचं स्वातंत्र्य विकत घेतलं.

तिथून चालत सेंट ऑगस्टीन चर्च. १८४१ च्या सुमारास बांधकाम चालू असताना मुक्त कृष्णवर्णीयांनी वर्गणी काढून बाकं विकत घेतली आणि बाजूची बाकं गुलामांना दिली. बाहेर, भिंतीला लागून, अज्ञात गुलामाचं स्मारक आहे. जहाजाच्या जाडजूड साखळ्या जोडून केलेला, एका बाजूला कललेला क्रूस आणि त्यावरून लोंबणाऱ्या बेड्या. कड्या गंजलेल्या आहेत. मराठी माणसाला इथे जोतीराव आठवावेत. १८७३ मधलं 'गुलामगिरी' त्यांनी अमेरिकेत गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या लोकांनाच अर्पण केलं होतं.

दुपार बॅकस्ट्रीट कल्चरल म्युझियमला द्या. सिल्व्हेस्टर फ्रान्सिस यांनी १९९९ मध्ये ते उघडलं. मार्डी ग्रास या कार्निव्हलच्या सणाला कृष्णवर्णीय मंडळी आदिवासींच्या वेषात निघतात, पळून आलेल्या गुलामांना आसरा देणाऱ्यांची आठवण म्हणून. ते पोशाख इथे जवळून पाहता येतात. एकेक मणी सुईने ओवलेला, वर्षभर रात्री जागून शिवलेला. आणि पुढच्या वर्षी पुन्हा नवा.

रविवार सेकंड लाइनचा. उन्हाळ्याचे दिवस सोडले तर जवळपास दर रविवारी कुठल्या ना कुठल्या मंडळाची मिरवणूक निघते. पुढे मंडळ आणि बँड, मागे नाचत चालणारी वस्ती. विमा कंपन्या दारात उभं करत नसत तेव्हा या मंडळांनी वर्गणीतून सभासदांची औषधं भागवली, अंत्ययात्रेला वाजंत्री दिली. पाहुण्याने मागच्या लोकांत मिसळावं, बँडच्या मध्ये घुसू नये.

मिरवणूक कधी क्लेबॉर्न अ‍ॅव्हेन्यूच्या पुलाखाली शिरते. तिथे ओक वृक्षांच्या रांगा होत्या, दोन्ही बाजूंना कृष्णवर्णीयांची दुकानं होती. १९६० च्या दशकात महामार्गासाठी झाडं तोडली, दुकानं उठली. हा अन्याय अजून भरून निघालेला नाही. लोकांनी खांबांवर आपल्या माणसांची चित्रं काढली, आणि बँडवाले पुलाखाली आले की मुद्दाम जोर लावतात, काँक्रीटमुळे ट्रम्पेट दुप्पट घुमतं.

परतीचं विमान सोमवारी संध्याकाळचं घ्यावं. सोमवार पूर्वी कपडे धुण्याचा वार. चुलीवर राजमा मंद शिजत ठेवून बायका धुणं उरकत. आजही सोमवारी इथे घरोघरी आणि हॉटेलांतून राजमा-भातच असतो.