तगरपुराचे परमेश्वर, ठाण्याचे राजे

कोलशेतच्या खाडीकाठी उभ्या राहिलेल्या नव्या इमारतींच्या नामफलकांवर लातूरकर, पैठणकर, कोल्हापूरकर अशी आडनावे वाचली, की पिढ्यांपूर्वी गाव सुटूनही ज्यांना नावातून ते सोडवेना अशा एका राजकुळाचे मला स्मरण होते. ते शिलाहार कूळ याच ठाण्यात नांदले आणि स्वतःस ‘तगरपुरपरमेश्वर’ म्हणवीत राहिले.

उत्तर कोकणच्या शिलाहारांचा सामान्य वृत्तान्त वाचकांस ठाऊक आहे, शके ९८२ चा लेख असलेले अंबरनाथचे शिवालयही त्यांनी पाहिले असेल. म्हणून मी थेट १७८७ सालाकडे वळतो. त्या वर्षी ठाण्याच्या किल्ल्यात नव्या कामाचा पाया खणताना शिलाहार राजा अरिकेसरी ऊर्फ केशिदेव याचा शके ९३९ चा, म्हणजे इ. स. १०१७ चा, दानताम्रपट हाती लागला. जनरल कार्नाक यांनी तो प्रकाशात आणला, पंडित रामलोचनांनी त्याचा अर्थ लावला आणि ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या पहिल्याच खंडात तो प्रसिद्ध झाला. पुरीप्रमुख चौदाशे गावांच्या समस्त कोकणावर ज्याचा अंमल, त्या राजाच्या सनदेत जीमूतवाहनाचा वंश आणि सुवर्णगरुडाचा ध्वज यांच्या पंक्तीस मान मिळाला तो घाटापलीकडल्या, या चौदाशांत न मोडणाऱ्या तगर नावाच्या एका नगरास!

हे तगर कोठले, यावरून शतकभर वाद चालला. पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवरले, जेथून कापड गाड्यांवर लादून भडोचला जाई, ते नगर ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात नोंदलेले. परंतु विल्फर्डने ते देवगिरीशी जुळविले, भगवानलाल इंद्रजींनी जुन्नरशी, रामकृष्णपंत भांडारकरांनी धारूरशी. फ्लीट प्रथम करवीरचा पक्ष घेऊन होते. १९०१ मध्ये मात्र आपले जुने मत बाजूस सारून त्यांनी तेरणाकाठच्या तेर गावाचा निर्णय दिला, आणि लगोलग हेन्री कझिन्स यांनी तेथील विटांच्या त्रिविक्रम मंदिराची पाहणी केली. स्वतःच्या प्रतिष्ठेपेक्षा पुराव्यास मोठे मानणारा फ्लीट यांचा हा बाणा मला त्या साऱ्या वादात सर्वांत आदरणीय वाटतो.

‘तगरपुरपरमेश्वर’ या बिरुदास पोकळ बढाई म्हणून निकालात काढणाऱ्यांशी माझे जमत नाही. शिलाहार ज्यांचे मांडलिक होते, ते राष्ट्रकूट मान्यखेटाहून राज्य करीत असताही लट्टलूरचे, म्हणजे आजच्या लातूरचे, अधीश्वर म्हणवीत. गोव्याचे कदंब वनवासीचे नाव मिरवीत. अपरिचित मुलखात इनाम देणाऱ्याला आपण उपटसुंभ नव्हे, हे त्या मुलखास सांगावे लागे. मूळ गाव हाच त्याचा दाखला. इ. स. ९७३ मध्ये राष्ट्रकूट सत्ता लयास गेली, तरी त्यानंतर चव्वेचाळीस वर्षांनी अरिकेसरीने तगरपुर सोडले नाही, आणि कोल्हापूरच्या शिलाहार शाखेनेही तेच बिरुद जपले.

ठाणेकरांना माझी एकच विनंती आहे: गोरोबाकाकांच्या दर्शनास तेरला जाल, तेव्हा त्रिविक्रमाचे मंदिर आणि गावातील लामतुरे वस्तुसंग्रहालय पाहिल्यावाचून परतू नका.