गोळी शुगरची, खेळ रक्ताचा

सोनाळ्यासारखं गाव असो की पुणे, शुगर निघाली की पहिली गोळी बहुतेकदा मेटफॉर्मिनची. १९५७ पासून वापरात असलेली, स्वस्त आणि भरवशाची. पण हीच गोळी आतड्यात बी-१२ जीवनसत्त्वाची वाट अडवते! यकृतात काही वर्षं पुरेल एवढा साठा असतो, त्यामुळे तूट लगेच कळत नाही. मग कधीतरी हिमोग्लोबिन उतरतं, आणि तांबड्या पेशी संख्येनं कमी पण आकारानं मोठ्या दिसू लागतात.

त्यात आपलं ताट. ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, ठेचा: चव एक नंबर, बी-१२ शून्य! ते मिळतं दूध-दही, अंडी, मांस-मासळीतून. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या २००६ च्या अभ्यासात तर मध्यमवयीन पुरुषांपैकी दोन तृतीयांश जणांचं बी-१२ कमी निघालं. पायाला मुंग्या आल्या की ‘शुगरनं नसा गेल्या’ म्हणून आपण गप्प बसतो, याचं फार वाईट वाटतं. यातल्या काही मुंग्या बी-१२ च्या तुटीच्या असतात, वेळेत इंजेक्शन मिळालं तर कमी होतात. गोळी मनानं बंद करू नका. ती बरीच वर्षं चालू असेल तर बी-१२ तपासून घ्या.

शुगरचीच दुसरी गोळी ग्लिमेपिराइड. तिचं घराणं निघालं विषमज्वराच्या वॉर्डातून! १९४२ मध्ये फ्रान्समधल्या माँपेलिए इथं मार्सेल जानबाँ एक सल्फा औषध देत होते, आणि रुग्णांची साखर धडाधड उतरली. याच घराण्यातलं कार्ब्युटामाइड अस्थिमज्जेला बाधतं म्हणून मागे पडलं. आजच्या गोळ्यांनी क्वचितच पांढऱ्या पेशी किंवा प्लेटलेट घटतात. जी-६-पीडी हे विकर जन्मतः कमी असेल, तर या गोळ्यांनी तांबड्या पेशी फुटू शकतात. लघवी कोऱ्या चहासारखी झाली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

शुगरच्याच डापाग्लिफ्लोझिन या गोळीची तऱ्हा उलटी, हिमोग्लोबिन थोडं वाढवते!

आता एचबीए१सी. तांबडी पेशी जगते सुमारे १२० दिवस, म्हणून ही तपासणी तीनेक महिन्यांची साखर सांगते. पण रक्तातच खोट असेल तर हा आकडा फसवतो. सोनाळ्याला लागून अंबाबरवा अभयारण्य, पलीकडे मेळघाट. सातपुड्याच्या या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आजार आढळतो. त्यात तांबड्या पेशी लवकर मरतात, साखर चिकटायला वेळच मिळत नाही, आणि आकडा खोटाच कमी येतो. लोह कमी असेल तर तोच आकडा फुगतो! अशा वेळी डॉक्टर उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर पाहतात, नाहीतर फ्रुक्टोसामाइन तपासायला सांगतात.