बॅडमिंटन खेळता? मग गुडघा जपा!

इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे दरवर्षी मार्च महिन्यात ऑल इंग्लंड बॅडमिंटन स्पर्धा भरते. १८९९ साली सुरू झालेली ही स्पर्धा मोठ्या मानाची. जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९७७ साली सुरू झाली. तोपर्यंत ऑल इंग्लंड जिंकणारा तोच जगज्जेता, असे मानले जाई. पुरुष एकेरीचे हे विजेतेपद १९८० साली प्रकाश पदुकोण यांनी आणि २००१ साली पुल्लेला गोपीचंद यांनी भारतात आणले.

गोपीचंद यांच्या विजयाची गोष्ट निघाली की सगळे त्यांच्या फटक्यांविषयी बोलतात. डॉक्टर म्हणून मला मात्र त्यांच्या गुडघ्याचे जास्त कौतुक वाटते. १९९४ साली पुण्यात राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत दुहेरीचा सामना खेळताना त्यांच्या गुडघ्यातील अस्थिबंध तुटला. शस्त्रक्रिया झाली, व्यायाम झाला, आणि सात वर्षांनी त्याच गुडघ्यावर ते ऑल इंग्लंड जिंकले. अंतिम सामन्यात त्यांनी चीनच्या चेन हाँगला १५-१२, १५-६ असे हरवले.

स्पेनच्या कॅरोलिना मरीनची कहाणी तर आणखी कठीण. जानेवारी २०१९ मध्ये जकार्ता येथे सायना नेहवालविरुद्ध अंतिम सामना खेळताना तिचा उजवा गुडघा गेला. २०२१ मध्ये डावा गेला आणि टोकियो ऑलिंपिक हुकले. मार्च २०२४ मध्ये तिने ऑल इंग्लंड जिंकली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पॅरिस ऑलिंपिकच्या उपांत्य फेरीत आघाडीवर असताना उजवा गुडघा पुन्हा दुखावला आणि रडत रडत तिला सामना सोडावा लागला.

नेमके होते काय?

गुडघ्यात मांडीचे हाड आणि नडगीचे हाड एकमेकांवर टेकलेले असते. ती जागेवर राहावीत म्हणून आत दोन मजबूत दोऱ्या फुलीच्या आकारात असतात. त्यांतली पुढची दोरी, म्हणजे एसीएल, नडगीचे हाड पुढे सरकू देत नाही आणि गुडघा पिळवटू देत नाही.

बॅडमिंटनमध्ये ही दोरी तुटते ती बहुधा कोणी धक्का न देता. फूल मागच्या कोपऱ्यात डाव्या खांद्यावरून येते. उजव्या हाताने खेळणारा खेळाडू मागे सरकत उडी मारतो, डोक्यावरून फटका मारतो आणि सगळा भार एकट्या डाव्या पायावर घेऊन उतरतो. त्या क्षणी गुडघा ताठ असला किंवा आतल्या बाजूला वळला, की दोरी तुटते. मुलींमध्ये हे प्रमाण मुलांपेक्षा जास्त आढळते.

‘फोटो तर नॉर्मल आहे’

माझ्याकडे एक शाळकरी मुलगी आली होती. सरावात तिचा गुडघा वळला, ‘कट्’ असा आवाज आला आणि दोन तासांत गुडघा टम्म फुगला. घरच्यांनी गरम तेलाने चोळले. एक्स-रे काढला, तो चांगला आला. तीन आठवड्यांत सूज उतरली आणि जिल्हा स्पर्धा जवळ आली म्हणून ती पुन्हा कोर्टवर उतरली. पहिल्याच आठवड्यात गुडघा पुन्हा निसटला. या वेळी आतली कूर्चेची गादीही फाटली.

वडील मला म्हणाले, “डॉक्टरसाहेब, फोटो तर नॉर्मल आहे. मग पोरीला खेळू का द्यायचं नाही?”

प्रश्न अगदी साहजिक आहे. पण एक्स-रेमध्ये हाड दिसते, दोरी दिसत नाही. दोरी शाबूत आहे की नाही, हे अनुभवी अस्थिरोगतज्ज्ञ हाताने गुडघा हलवून पुष्कळदा सांगू शकतात. खात्रीसाठी एमआरआय काढतात. सूज उतरली म्हणजे दोरी जुळली असे नव्हे. तुटलेल्या दोरीवर खेळत राहिले, तर कूर्चा झिजते आणि ऐन तारुण्यात संधिवात मागे लागतो. त्या मुलीची शस्त्रक्रिया झाली. दुखापत पहिल्याच वेळी ओळखली गेली असती, तर निदान ती गादी वाचली असती.

प्रत्येकाला शस्त्रक्रिया लागतेच असे नाही. बैठे काम करणाऱ्याचा गुडघा निसटत नसेल, तर मांडीच्या स्नायूंच्या व्यायामावर भागते. उड्या आणि वळणांचे खेळ खेळणाऱ्यांना मात्र बहुधा मांडीतील किंवा वाटीखालील स्नायुबंधाचा तुकडा घेऊन दुर्बिणीतून नवी दोरी बसवावी लागते. त्यानंतर निदान नऊ महिने स्पर्धा नाही. ही घाई ज्यांनी केली, त्यांच्यात दोरी पुन्हा तुटण्याचा धोका वाढलेला दिसला आहे.

चाळिशीच्या मंडळींसाठी

थंडी पडली की आपल्याकडे गल्लीत दोरी बांधून, बल्ब लावून बॅडमिंटन सुरू होते. फार छान. पण वर्षभर खुर्चीत बसलेला माणूस एकदम पुढे झेपावतो, तेव्हा टाचेमागची जाड शीर, म्हणजे अकिलिस स्नायुबंध, तुटू शकतो. मागून कोणीतरी लाथ मारली असे वाटते. वळून पाहावे तर मागे कोणीच नसते. असे झाले तर ‘लचक भरली’ म्हणून घरी बसू नये. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

एवढे पाळा

१. खेळण्यापूर्वी १० ते १५ मिनिटे अंग गरम करा. हळू धावणे, बैठका, एका पायावर तोल सांभाळणे एवढे पुरे.

२. उडीवरून उतरताना गुडघा वाकवून आणि पायाच्या बोटांच्या रेषेत ठेवून उतरायला मुलांना शिकवा. अशा व्यायामांनी दुखापती कमी होतात.

३. चपला घालून किंवा गुळगुळीत झालेल्या तळव्याचे बूट घालून खेळू नका. ओल्या फरशीवर तर मुळीच नको.

४. गुडघा वळला तर खेळ तिथेच थांबवा. फडक्यात गुंडाळलेला बर्फ १५ ते २० मिनिटे ठेवा, पट्टी बांधा, पाय उशीवर उंच ठेवा. पहिले दोन-तीन दिवस शेक नको, मालिश नको.

५. ‘कट्’ आवाज, काही तासांत आलेली सूज, पाय टेकता न येणे, गुडघा अडकणे किंवा निसटणे, यांपैकी एकही लक्षण असेल तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.

पालकांना आणि क्रीडाशिक्षकांना एक विनंती. मूल गुडघा दुखतो म्हणाले, तर ‘खेळाडूने रडायचे नसते’ असे म्हणू नका. जिल्हा स्पर्धा पुढच्या वर्षीही असते. गुडघे मात्र दोनच असतात आणि ते जन्मभर वापरायचे असतात.