धाग्यातला उजेड (भाग ११) : नदीच्या पलीकडे

आज खरं तर काँगोच्या जंगलातून आरपार गेलेल्या २,५०० किलोमीटरच्या केबलचा मान होता. तो पुढच्या आठवड्यावर गेला, कारण नाशिकच्या एका निवृत्त शिक्षिकांचं पत्र आलं. मागच्या भागातला नकाशा त्यांनी फूटपट्टी घेऊन तपासलाय. त्या विचारतात, ‘किन्शासा आणि ब्राझाव्हिल तर एकमेकींना चिकटलेल्या दिसतात. मग एकीकडून दुसरीकडे जाणारी रेघ एवढा वळसा का घेते?’

बाई, तुम्ही माझ्या आवडत्या दुखण्यावर बोट ठेवलंत. आजचा भाग तुमचा.

दोन्ही शहरं राजधान्या आहेत. डाव्या तीरावर किन्शासा, एकेकाळच्या बेल्जियन काँगोची. उजव्या तीरावर ब्राझाव्हिल, फ्रेंच काँगोची. भाषा दोन्हीकडे त्याच, लिंगाला आणि फ्रेंच. मधे काँगो नदी आणि रोजची ये-जा करायला होड्या. दोन शहरांमध्ये पूल मात्र नाही. एका तीरावरून दुसरा तीर दिसतो, पण फायबरला तिथे पोचायचं तर ४०० किलोमीटरहून लांबचा फेरा. तो फेरा पलीकडच्या गिऱ्हाइकाच्या बिलात उतरतो. २०२१ साली किन्शासात इंटरनेट ब्राझाव्हिलच्या पाचपटीपर्यंत महाग पडत होतं.

‘मग नदीखालून टाका की केबल!’ हे म्हणायला सोपं आहे. काँगो ही जगातली सर्वांत खोल नदी. खालच्या टप्प्यात तिची खोली २२० मीटरच्या पुढे मोजलेली आहे. पाण्याच्या लोंढ्यात तिच्या पुढे फक्त ॲमेझॉन. शहरांच्या वरच्या अंगाला नदी पसरून तळ्यासारखी होते आणि खालच्या अंगाला लगेच लिव्हिंगस्टन धबधब्यांचा खळाळ सुरू होतो. अशा प्रवाहात तळाशी टाकलेली केबल दगडांवर घासत राहते. तळाखालून आडवं भोक पाडून पाइप ओढायची पद्धत आपल्याकडे रस्त्यांखाली नि ओढ्यांखाली सर्रास वापरतात. पण तिची झेप सहसा एखाद-दोन किलोमीटरची, आणि इथे पात्र पावणेपाच किलोमीटरचं.

माझं जुनं मत आहे, फायबरवाल्याला समुद्र परवडला, सरहद्दीवरची नदी नको. समुद्रात किनाऱ्यापासून बारा सागरी मैल पुढे गेलात की कुणाच्या अंगणातून जात नसता आणि खोल तळ शांत असतो. २००९ साली सीकॉमची केबल आफ्रिकेचा पूर्व किनारा थेट आपल्या मुंबईशी जोडून मोकळी झाली. नदीला मात्र दोन तीर, दोन सरकारं आणि दोन परवाने. एका देशाचा परवानाधारक आपल्या काठापर्यंत खणतो, दुसऱ्याचा त्याच्या काठापर्यंत, आणि मधला तुकडा कुणाचा हे ठरता ठरत नाही. पूल असला की निम्मं काम होतं. झिंबाब्वेतून दक्षिण आफ्रिकेत शिरताना बाइटब्रिजला लिंपोपो लागते, पण तिथे पूल आहे.

नुसता पूल असूनही भागत नाही म्हणा. कोकणातल्या एका खाडीवर आम्ही केबलचा ड्रम घेऊन बसलो होतो. पलीकडचा जॉइंटर मला हात करत होता, इतका जवळ. पुलाच्या कठड्याला क्लॅम्प मारायची परवानगी मात्र काही आली नाही. शेवटी केबल खाडीचं टोक गाठून तालुकाभर फिरून आली. तिथे देशही एक, राज्यही एक, जिल्हाही एकच.

किन्शासात लिक्विड या आफ्रिकेतल्या फायबर कंपनीने जे केलं ते म्हणूनच मला फार आवडतं. केबल टाकायचं सोडून त्यांनी उजेडच काचेबाहेर काढला. गूगलच्या मूळ कंपनीत ‘एक्स’ नावाची प्रयोगशाळा आहे. तिथल्या लून प्रकल्पात आकाशातले फुगे एकमेकांशी प्रकाशझोताने बोलत. फुग्यांचा गाशा २०२१ मध्ये गुंडाळला गेला, पण झोताची विद्या तारा या प्रकल्पाने उचलली होती. ताराचे प्रमुख महेश कृष्णस्वामी मूळचे चेन्नईचे. आणि आंध्रच्या सरकारी फायबर कंपनीने अशा २,००० जोडण्यांसाठी एक्सशी २०१७ सालीच करार केला होता.

ताराची हीच विद्या लिक्विडने काँगोवर वापरली. नदीच्या दोन तीरांवर एकेक यंत्र उंचावर बसवायचं. त्यातून डोळ्यांना न दिसणारा, करंगळीएवढा झोत निघतो आणि आतले आरसे तो सतत नेमावर धरतात. दहा किलोमीटरवरच्या पाच सेंटिमीटरच्या लक्ष्यावर तो बसतो, असं एक्सचे लोक सांगत. म्हणजे गेटवेपाशी उभं राहून घारापुरीच्या धक्क्यावर ठेवलेलं लिंबू टिपायचं! मधे पक्षी आला, हवा धुरकटली, खांब हलला, की यंत्र नेम सावरतं. दाट धुक्यापुढे मात्र त्याचं काही चालत नाही.

ही कल्पना टेलिफोनवाल्या बेलसाहेबांची आहे. १८८० मध्ये त्यांनी वॉशिंग्टनमध्ये सूर्याच्या कवडशावर आवाज बसवून २१३ मीटर पाठवला. त्या ‘फोटोफोन’वर त्यांचा टेलिफोनपेक्षा जास्त जीव होता. नवजात मुलीचं नावही तेच ठेवायला निघाले होते. घरच्यांनी आवरलं.

आता हिशेब. सप्टेंबर २०२१ मध्ये जाहीर झालेले आकडे असे : २० दिवसांत या झोताने जवळजवळ ७०० टेराबाइट माहिती पलीकडे नेली, आणि तो ९९.९ टक्के वेळ चालू होता. मी पाकिटाच्या पाठीवर गणित केलं. सरासरी निघते सेकंदाला सव्वातीन गिगाबिट, आणि बंद राहण्याचा वेळ वीस दिवसांत मिळून अर्धा तास. क्षमता २० गिगाबिटपर्यंत. कोकणातली एखादी लाइन इतकी चालली असती तर आम्ही पेढे वाटले असते.

तरी माझं मन काचेच्याच बाजूने आहे. फायबरच्या एका जोडीत वेगवेगळ्या रंगांचे ८० झोत घालता येतात आणि प्रत्येकावर १०० गिगाबिट. त्यापुढे नदीवरचा झोत म्हणजे साकव. पण पूल नसलेल्या नदीवर साकवाची किंमत कोकणातल्या माणसाला सांगायला नको.

जाता जाता पुण्याच्या वाचकांना उत्तर : हो, दक्षिण आफ्रिकेतली नियोटेल ही दूरसंचार कंपनी टाटा कम्युनिकेशन्सकडेच होती. लिक्विडने ती २०१७ मध्ये घेतली. तो व्यवहार सविस्तर येईलच.

पुढच्या आठवड्यात मात्र नक्की जंगल. तोवर ॲटलस काढून काँगोचं मुख शोधा. तिथे समुद्रकाठी मुआंडा नावाचं गाव आहे, त्यावर पेन्सिलीने टिंब द्या. दुसरं टिंब दार-ए-सलामवर. बाई, फूटपट्टी जवळ ठेवाच.