किड्याची राळ, माणसाचा सूर

फाल्गुनात किनवट-माहूरच्या रानातून जाताना नजर पळसाच्या फुलांवरून हलत नाही. पण याच झाडाच्या फांदीवर आणखी एक नवल घडतं, आणि त्याचा संबंध थेट गाण्याशी आहे. बालगंधर्वांचं नाट्यपद, अब्दुल करीम खाँसाहेबांची ठुमरी, गौहरजानची दादऱ्यातली नजाकत हे सारं आपल्यापर्यंत पोचलं ते पळस, बोर, कुसुम असल्या झाडांवर जगणाऱ्या एका किड्याच्या कृपेने. विश्वास बसत नाही? मग फांदीपासूनच सुरुवात करू.

लाखेचा किडा जन्मतो तेव्हा एखाद्या ठिपक्याएवढा असतो. कोवळी डहाळी शोधायची, सोंड खुपसायची आणि रस ओढत बसायचं, एवढंच त्याचं काम. मादी तर एकदा बसली की जन्मभर तिथून हलत नाही. अंगातून राळ पाझरत राहते आणि तिचं कवच तयार होतं. शेजारीपाजारी असे हजारो किडे, म्हणून अख्ख्या डहाळीवर तपकिरी थर चढतो. ही लाख. ती खरवडायची, कुटायची, धुवायची. मग लांबलचक कापडी पिशवीत भरून भट्टीच्या धगीसमोर धरायची आणि पिशवीला पीळ देत वितळलेला रस बाहेर काढायचा. पुढचं ऐका. तो गरम थर कारागीर हातांनी, पायांनी आणि चक्क दातांनी धरून ताणायचा, पार पातळ, पारदर्शक पापुद्रा होईपर्यंत! सुतार स्पिरिटमध्ये विरघळवून लाकडाला पॉलिश करतात तो चपडा हाच.

एमिल बर्लिनरने १८८७ साली ग्रामोफोनचं पेटंट घेतलं. सुरुवातीला तो कडक रबराच्या तबकड्या वापरत होता, पण त्या सपाट राहीनात. एकोणिसावं शतक संपता संपता उत्तर सापडलं, ते या चपड्यात. गरम केला की मऊ होतो, साच्यातली बारीकातली बारीक रेघ उचलतो आणि गार झाला की दगडासारखा टणक. पुढची पन्नास वर्षं जगभरातल्या तबकड्या याच राळेवर निघाल्या, आणि ही राळ मुख्यत्वे भारतातून जायची. न्यूयॉर्कच्या दिवाणखान्यात वाजणाऱ्या गाण्यात आपल्याकडच्या एखाद्या रानाचा अंश होता!

तबकडीत चपड्याहून जास्त असायची दगडाची भुकटी. ती कशाला? सुई झिजवायला. पहिल्या काही फेऱ्यांत तबकडी स्टीलच्या सुईचं टोक घासून स्वतःच्या खाचेच्या मापाचं करून घ्यायची. म्हणून तर एक बाजू वाजली की पिन बदलायची पद्धत होती.

आता त्या खाचेकडे जरा जवळून बघा. नांगरामागे तास पडत जावं तशी ती कडेपासून आत वळत जाते. पण हे तास सरळ नाही, ते सतत डावी-उजवीकडे थरथरत असतं, आणि ती थरथर म्हणजेच आवाज. दहा इंची तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेते. तीन मिनिटांची खाच उलगडून जमिनीवर अंथरली तर सव्वाशे मीटरच्या आसपास भरेल. बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला जवळजवळ एक मीटर खाच सरकते. म्हणजे सेकंदाला ४४० कंपनं असलेल्या सुराची एक लाट तिथे सव्वादोन मिलिमीटरमध्ये मावते. गायिकेचा श्वास, हार्मोनियमचा भाता, तबल्याची थाप, सगळं त्याच एका रेघेत, एकाच वेळी. आणि एक बोथट सुई ते सगळं वाचते! वीज नको, बॅटरी नको. चावी, सुई आणि कर्णा, बस्स.

ही रेघ इथवर आली तरी कशी? १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गाइस्बर्ग कलकत्त्याला उतरला आणि नोव्हेंबरात त्याने हॉटेलच्या खोलीत गौहरजानला गायला बसवलं. मायक्रोफोन नव्हताच, कर्ण्यात तोंड घालून गायचं आणि आवाजाच्या धक्क्याने दुसऱ्या टोकाची सुई मेणावर रेघ ओढणार. विजेवर ध्वनिमुद्रण आलं ते पुढे १९२५ पासून. ती मेणाची मुद्रिका बोटीने जर्मनीत हॅनोव्हरला जायची आणि तिथे तबकड्या छापून परत यायच्या. गाणं संपताच गौहरजान स्वतःचं नाव इंग्रजीत पुकारते, ते ऐकलंय? हजारो मैलांवरच्या, एक शब्दही न समजणाऱ्या कारागिराला कळावं की ही तबकडी कोणाची! पुढे १९०८ मध्ये कलकत्त्यातच सियालदाला कारखाना निघाला.

तासतासभर राग मांडणाऱ्या बुवांना आता सगळं साडेतीन मिनिटांच्या आत आटोपायचं होतं. आलाप, बंदिश, तान आणि समेवर येणं, सगळं तेवढ्यात. काहींना ते साधलं, इतकं की आजही ती साडेतीन मिनिटं ऐकून गवई शिकतात. काहींनी मात्र हे यंत्र दूरच ठेवलं. जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक अल्लादियाखाँ १९४६ पर्यंत हयात होते, तबकडीच्या ऐन भराच्या काळात. त्यांची एकही तबकडी नाही. तो आवाज गेला तो गेलाच.

ज्यांचे आवाज उतरले त्यांचं तरी काय झालं? चपड्याची तबकडी हातातून निसटली की ठिकऱ्या. दुसऱ्या महायुद्धात १९४२ साली अमेरिकेने तबकड्यांसाठीच्या लाखेवर कडक मर्यादा घातली. जुन्या तबकड्या गोळा करून, वितळवून नव्या काढल्या गेल्या. एक गाणं मोडून दुसरं गाणं! आपल्याकडे १९७० च्या सुमारास ७८ ची छपाई थांबली. मग रेडिओ, कॅसेट, आणि तबकड्या गेल्या माळ्यावर नाहीतर भंगारात.

इथून पुढे संग्राहकांची कथा सुरू होते. तबकडी दुर्मीळ कधी होते, सांगा बरं? खूप खपलेलं गाणं हजारो घरांत उरतं. दुर्मीळ होतं ते पडलेलं गाणं. याचा सगळ्यात भन्नाट दाखला इंग्लंडच्या उत्तर भागातला आहे. गिरण्या-कारखान्यांच्या त्या शहरांत तरुण मंडळी शनिवारची रात्र उजाडेपर्यंत नाचून काढायची, आणि त्यांना लागायची साठच्या दशकातली अमेरिकन कृष्णवर्णीय गायकांची सोल गाणी, तीही अमेरिकेत कोणी ढुंकून न पाहिलेली. १९७० मध्ये डेव्ह गॉडिन या लेखकाने या नादाला नाव दिलं, नॉर्दर्न सोल. विगन कॅसिनो हा त्यांचा अड्डा १९७३ ते १९८१ गाजला. डीजे अमेरिकेतली गोदामं धुंडाळायचे आणि एखादी अनोखी तबकडी मिळाली की लेबलवर कागद चिकटवून खोटं नाव सांगायचे, प्रतिस्पर्ध्याला माग लागू नये म्हणून! फ्रँक विल्सनची १९६५ ची एक तबकडी मोटाऊन कंपनीने बाजारात आणलीच नाही. जवळपास सगळ्या प्रती नष्ट झाल्या. वाचलेल्या मोजक्या प्रतींतली एक २००९ मध्ये २५ हजार पौंडांहून जास्त किमतीला गेली. अमेरिकेने टाकून दिलेलं गाणं विगनच्या पोरांनी पायांवर जिवंत ठेवलं.

याचं उलट टोक आपल्याकडे आहे. १९६० च्या सुमारास ब्रिटनमध्ये ७८ च्या तबकड्या निघायच्या बंद झाल्या. भारतात मात्र खेडोपाडी वीज नव्हती, चावीचे ग्रामोफोन चालूच होते. म्हणून ग्रामोफोन कंपनीने इथे बीटल्सची गाणीसुद्धा ७८ वर काढली! आज जगभरचे संग्राहक त्या भारतीय तबकड्यांच्या मागावर असतात.

आणि केसरबाई केरकर? गोव्यातल्या केरी गावात १८९२ साली जन्मलेल्या, त्याच अल्लादियाखाँसाहेबांच्या शिष्या. १९७७ मध्ये नासाच्या व्हॉएजर यानांवर पृथ्वीच्या संगीताची सोनेरी तबकडी जाणार होती. रॉबर्ट ब्राउन या संगीत-अभ्यासकाने त्यांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी सुचवली. पण ती बाजारात मिळेना! शोधता शोधता न्यूयॉर्कमध्ये एका भारतीय कुटुंबाच्या विद्युत-उपकरणांच्या दुकानात, टेबलाखालच्या खोक्यात, तिच्या तीन प्रती सापडल्या. त्याच वर्षी १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. व्हॉएजर-१ त्याआधी ११ दिवस उडालं होतं. आज ते सौरवाऱ्याच्या प्रभावक्षेत्रापलीकडे आहे. ज्यांची एकही तबकडी नाही त्या गुरूची तालीम ताऱ्यांमधून निघाली आहे, कारण कुणीतरी एक खोकं उघडून पाहिलं.

संग्राहकांचं काम हेच. १९९० मध्ये मुंबईत भौतिकशास्त्रज्ञ सुरेश चांदवणकर आणि सोबत्यांनी ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ उभी केली, ‘द रेकॉर्ड न्यूज’ नावाचं नियतकालिक काढलं, गावोगावच्या शौकिनांना एकत्र आणलं. ऑस्ट्रेलियाच्या मायकेल किनियर यांनी भारतीय तबकड्यांच्या याद्याच्या याद्या लावल्या. कशाच्या आधारे? लेबलभोवतीच्या कोऱ्या पट्ट्यात कोरलेल्या बारीक क्रमांकावरून. त्या आकड्यांतून कोणत्या दौऱ्यात, कोणत्या गाण्यामागोमाग हे गाणं उतरलं ते उलगडत जातं. लेबल फाटलं, नाव पुसलं, तरी आकडा बोलतो.

तेव्हा घरात जुनी तबकडी निघाली तर स्पिरिटने मुळीच पुसू नका. चपडा स्पिरिटमध्ये विरघळतो आणि गाणं बोळ्यावर येईल. पाण्यात ओला केलेला मऊ फडका खाचेच्या दिशेने फिरवा, लेबल कोरडं ठेवा, तबकडी उभी ठेवा. मग ती उजेडात तिरकी धरून तो क्रमांक वाचा आणि जाणत्याला दाखवा. ताऱ्यांकडे निघालेलं गाणं टेबलाखाली सापडलं. किनवटच्या एखाद्या माळ्यावर कुणाचा आवाज पडून असेल, हे वर चढून बघितल्याशिवाय कसं कळणार?