जुगार आणि कायदा, भाग 4 : फोनवर हरलेला माणूस आरोपी नाही

कांद्याची पट्टी खात्यावर जमा झाल्याचा मेसेज ज्या फोनवर येतो, त्याच फोनवर रमीचं ॲप असतं. बीड जिल्ह्यातल्या कड्याच्या कांदा मार्केटला माल घालून परतणाऱ्या पोराचा पैसा गावी पोचेपर्यंत जाऊ शकतो. आणि तो गेला की बाप पोलीस ठाण्याची पायरी चढत नाही. ‘तक्रार द्यायला जावं तर पोरगंच आत जाईल,’ ही त्याची भीती.

ही भीती उगाच आलेली नाही. मागच्या भागात पाहिलेला मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा 1887 चा. तेव्हा बीड जिल्हा निजामाच्या राज्यात होता, आज इथंही तोच कायदा चालतो. कलम 4 अड्डा चालवणाऱ्याला, 5 अड्ड्यात सापडलेल्याला आणि बातम्यांत नेहमी वाचतो ते 12(अ) उघड्यावर खेळणाऱ्याला. झाडाखाली तिर्रट खेळणारे चौघे सापडले, तर चौघांवरही गुन्हा.

याच कायद्याचं कलम 13 निव्वळ कौशल्याचे खेळ वगळतं. रमीवाल्या कंपन्यांनी वर्षानुवर्षं बोट दाखवलं ते 1968 च्या सत्यनारायण खटल्याकडे. एका क्लबातल्या रमीचं ते प्रकरण. हा खेळ मुख्यतः कौशल्याचा आहे, असं सुप्रीम कोर्टानं म्हटलं. पण क्लबाचा मालक पैसे लावून चाललेल्या खेळातून नफा काढत असेल, तर गुन्हा ठरू शकतो, असंही त्याच निकालात आहे. जाहिरातींत निकालाचा पहिला भाग आला, दुसरा कुणी सांगितला नाही. याची मला मनापासून चीड आहे.

22 ऑगस्ट 2025 ला राष्ट्रपतींची सही झालेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्यानं कौशल्य की नशीब हा वादच बाजूला सारला. पैसे लावायचे असतील, तर ऑनलाइन खेळ कुठलाही असो, त्यावर बंदी. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं, पन्नास लाख. नुसत्या खेळणाऱ्याला मात्र या कायद्यात शिक्षा नाही. कंपन्यांनी हायकोर्टांत याचिका केल्या. त्या सप्टेंबर 2025 मध्ये सुप्रीम कोर्टानं स्वतःकडे वर्ग करून घेतल्या.

एक सावधगिरी मात्र घ्यायलाच हवी. पैशाची देवाणघेवाण करून देणाराही या कायद्यात गुन्हेगार आहे. चार पैशांसाठी आपलं बँक खातं, एटीएम कार्ड किंवा सिम दुसऱ्याला वापरायला दिलं, तर ‘मी कुठं खेळलो?’ हे म्हणणं टिकणार नाही.

जर्मनीनं दुसरी वाट धरली. 1 जुलै 2021 पासून तिथं ऑनलाइन जुगाराला परवाना मिळतो, पण सगळ्या कंपन्या मिळून एका माणसाला महिन्याला साधारण 1000 युरोपर्यंतच पैसे भरता येतात. घरच्यांनी अर्ज केला, तर त्याचं नाव देशभराच्या बंदी-यादीत घालता येतं. आपल्याकडची सरसकट बंदी मला पटते. पण लिंक पाठवून चालणारी चोरटी ॲप बंदीनं थांबत नाहीत, आणि अशा वेळी आईबापाच्या हातात अर्ज करण्याचा हक्क असता तर फार बरं झालं असतं.

तोवर हाती आहे ते करायचं. फसवणुकीनं पैसे गेले असतील, तर ताबडतोब 1930 ला फोन करा. रागाच्या भरात ॲप काढून टाकू नका, फोन फॉरमॅट करू नका. आधी ॲपमधल्या भरण्याचे स्क्रीनशॉट काढा, प्रत्येक यूपीआय व्यवहाराचा क्रमांक कागदावर उतरवा, बँकेतून खात्याचा उतारा घ्या. पैसा नेमका कुणाच्या खात्यात गेला, याचा माग त्या क्रमांकावरूनच लागतो.

गेलेला पैसा सावकाराचा किंवा मुकादमाची उचल असेल, तर प्रश्न वेगळा होतो. त्यासाठी 2014 चा सावकारी कायदा पुढच्या भागात पाहू.