मथळा : दिसणारा आणि असणारा

खिळ्यांच्या छापखान्यात हस्तलिखित गेले, म्हणजे संपादक समासात खूण करी व तिच्याबरहुकूम जुळारी मथळ्यासाठी ठळक खिळे निवडी. संगणकावर लिहिणाऱ्यास ही दोन्ही कामे स्वतःच करावी लागतात, आणि येथेच एक चूक घडते. अक्षरे मोठी व ठळक केली की मथळा झाला, असे त्याला वाटते. डोळ्यांना तो मथळा दिसतो खरा. परंतु संगणकाच्या लेखी तो ठळक अक्षरांचा एक साधा परिच्छेदच राहतो.

यावरील उपाय म्हणजे ‘शैली’. टंक, आकार, अंतर इत्यादी गुणांचा एका नावाखाली बांधलेला संच, ही शैलीची व्याख्या होय. आशय आणि रूप वेगळे ठेवावे, हा विचार विल्यम टनिक्लिफ यांनी १९६७ साली कॅनडात मांडला. १९८३ मध्ये निघालेल्या ‘मायक्रोसॉफ्ट वर्ड’मध्ये शैलींची सोय होती. शैलीचे गुण एकदा बदलले, की दोनशे पानांतील सर्व मथळे एकदम बदलतात. अनुक्रमणिकाही त्यांवरूनच तयार करता येते.

याहून मोठा लाभ निराळाच आहे. अंध विद्यार्थी संगणकाकडून मजकूर वाचवून घेतो. मथळ्यांना शैली दिलेली असेल, तर कळ दाबून तो एका मथळ्यावरून थेट पुढच्या मथळ्यावर जातो. नसेल, तर हवे ते प्रकरण येईपर्यंत त्याला ओळीमागून ओळ ऐकत बसावे लागते. म्हणून मथळा नुसता ठळक करून थांबू नये. तो मथळा आहे, हे यंत्रालाही सांगावे.